माळावरची विद्या नदीकाठी आणा
माननीय कुलगुरू महोदय,
शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर



हे पत्र एका निळ्या साडीवरून सुचलं. काही वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका महाविद्यालयात पथनाट्य स्पर्धेला मी परीक्षक म्हणून गेलो होतो. दोन मुलींनी निळी साडी दोन्ही टोकांना धरून हलवली आणि रंगमंचावर नदी वाहू लागली. मग एकेक जण येत गेला. कुणी साडीवर निर्माल्य टाकलं, कुणी औषधाच्या रिकाम्या बाटल्या, कुणी काळ्या रंगात बुडवलेलं फडकं. शेवटी पुठ्ठ्याचे मासे साडीवर उताणे पडले आणि हलगी थांबली. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मुलांचं काम खरोखर चांगलं होतं, आम्ही त्यांना पहिला नंबर दिला. निकाल लागला, साडीची घडी झाली आणि ती पिशवीत गेली. महाविद्यालयाच्या मागच्या फाटकातून नदी चालत दहा मिनिटांवर होती. ती दहा मिनिटं त्या मुलांना कुणी चालवलं नाही. मीही चालवलं नाही. पथनाट्य म्हणायचं आणि ते पंख्याखाली तीन परीक्षकांपुढे करायचं, ही रीत त्या मुलांनी पाडलेली नव्हती. ती आम्हा मोठ्यांची.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक आहे. पोरांना बोर्ड-पेन्सिल देऊन पंचगंगेच्या घाटावर बसवायचं आणि दीपमाळेची सावली पाण्यात कशी मोडते ते बघायला लावायचं, यात माझी सगळी नोकरी सरली. विद्यापीठात मी कधी शिकवलं नाही. पण विद्यापीठाच्या सागरमाळावर पहाटे फिरायला येणाऱ्या कोल्हापूरकरांतला मी एक. तेव्हा हे पत्र बाहेरच्याची तक्रार म्हणून वाचू नका, घरच्या माणसाचा हट्ट समजा. हट्ट एवढाच, की पर्यावरणावरची आपली व्याख्यानं आणि आपल्या मुलांची कला, दोन्ही सभागृहातून उठवून पाण्याच्या काठावर आणा. आणि दोन्ही एकत्र आणा.

सुरुवात आपल्याच आवारातून करतो. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचं उद्घाटन झालं आणि इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले, तेव्हा हा साडेआठशे एकरांचा माळ उघडाबोडका होता. मुरूम आणि कुसळं. आज तिथं तळी आहेत, विहिरींना पाणी आहे, सकाळी मोर ओरडतात. उताराला पाणी अडवलं, जमिनीत मुरवलं आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवलं म्हणून हे झालं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडीची उपसा केंद्रं बुडाली. गावाभोवती समुद्र आणि घरात नळ कोरडा, असे दिवस आम्ही काढले. त्या दिवसांत याच माळावरचं पाणी शहराच्या कामी आलं. माझ्या मते विद्यापीठानं आजवर दिलेलं हे सगळ्यांत मोठं व्याख्यान, आणि ते शब्दांशिवाय दिलेलं.

पण संध्याकाळी त्याच तळ्याच्या काठावर बसलेल्या चार जणांना विचारा, हे पाणी उन्हाळ्यात टिकतं कसं? कुणाला सांगता येत नाही. पाणी कुठून येतं, कुठं अडतं, मुरमातून कुठं जातं, हे सांगणारे जाणकार शंभर पावलांवरच्या इमारतीत बसलेले असतात. पर्यावरणशास्त्राचा अधिविभाग इथं, भूगोलाचा इथं, संगीत व नाट्यशास्त्राचा इथं. एकाच माळावर राहून एकमेकांच्या ओसरीवर न जाणाऱ्या भावांसारखं हे झालं आहे. महिन्यातून एकदा, तळ्याच्या काठावर, फिरायला येणाऱ्यांसाठी सकाळी सात वाजता अर्धा तास बोला. खुर्च्या नकोत, लोक उभे राहून ऐकतील.

वनस्पतिशास्त्राचंच बघा. प्रा. एस. आर. यादव यांच्यासारख्या अभ्यासकांनी सह्याद्रीतली कंदीलपुष्पं शोधण्यात आणि जगवण्यात आयुष्य घातलं, आपल्या वनस्पती उद्यानात ती वाढवली. त्या फुलाचा आकार हुबेहूब कंदिलासारखा. वर टोकाला पाकळ्या जुळलेल्या, खाली फुगीर नळी, आत उतरलेली बारीक माशी काही काळ अडकून राहते आणि पराग घेऊन बाहेर पडते. हे फूल मी एकदा पावसाळ्यात कागदावर उतरवायला बसलो. पाऊण तास गेला, तेव्हा कुठं मला नळीच्या आतले बारीक केस दिसले. पेन्सिल हातात नसती तर मी दोन मिनिटांत “छान आहे” म्हणून पुढे गेलो असतो. शहरातल्या कलानिकेतनची, दळवीज आर्ट इन्स्टिट्यूटची मुलं पावसाळ्यातला एक दिवस त्या उद्यानात चित्रं काढायला बसली आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक त्यांच्या शेजारी बसून बोलत राहिले, तर मुलं पाहायला शिकतील आणि प्राध्यापकांनाही त्यांचं फूल नव्यानं दिसेल. कला आणि शास्त्र एकत्र आणणं म्हणजे मला हे अभिप्रेत आहे. परिसंवादाच्या सुरुवातीला स्वागतगीत बसवणं नव्हे.

आपल्या गावाला हे नवं नाही. चित्रकार आबालाल रहिमान १९३१ साली गेले. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून आलेला हा माणूस जन्मभर रंकाळा, कोटीतीर्थ, पंचगंगेचा काठ रंगवत राहिला. टाउन हॉलच्या संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. आम्ही ती ‘सुंदर’ म्हणून बघतो आणि तिथंच थांबतो. पण ते चित्र म्हणजे पाण्याचा जबाब आहे. काठ कुठवर होता, झाडी किती दाट होती, पाण्याला रंग कसला होता, हे शंभर वर्षांपूर्वी एका नजर तयार असलेल्या माणसानं लिहून ठेवलं आहे. एखादा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि एखादा चित्रकार त्या चित्रांपुढे उभे राहून तासभर बोलले, आणि मग सगळी मंडळी तिथून उठून कोटीतीर्थावर गेली, तर आपण काय गमावलं ते वेगळं सांगावं लागणार नाही. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांनी आपलं राहतं घर चित्रांसकट शासनाला दिलं. त्या घराचं नावच ‘निसर्ग’. तिथली निसर्गचित्रं बघायला किती शाळा जातात?

बुजवलेल्या तळ्यांची गोष्ट तर कुणी सांगतच नाही. कपिलतीर्थ आज भाजी मंडई आहे. रावणेश्वराचं तळं होतं तिथं शाहू स्टेडियम आहे, आणि वरुणतीर्थ म्हणजे आपलं गांधी मैदान. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साठलं की पेठेतली पोरं वैतागतात, खेळ बंद पडतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. पाणी मात्र आपल्या जुन्या घरी आलेलं असतं. या तीन जागा जोडणारी एक पायी फेरी आणि वाटेत थांबून केलेलं व्याख्यान, बरोबर पेठेतला एखादा शाहीर डफ घेऊन. पिराजीराव सरनाईकांच्या गावात शाहीर मिळणार नाही, असं होणार नाही. लोक वाहत्या रस्त्यावर थांबून ऐकतील, कारण गोष्ट त्यांच्या पायाखालची आहे.

आता मुख्य गोष्ट. पंचगंगा.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि लोकांच्या श्रद्धेतली सरस्वती, अशा पाच जणी प्रयाग चिखलीला भेटतात आणि पंचगंगा होते. नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. मधल्या वाटेत शहराचं सांडपाणी, इचलकरंजीच्या कापड-प्रोसेसचं पाणी, कारखान्यांची मळी, आणि उसाच्या सऱ्यांतून निथळणारं खत, सगळं तिच्या पदरात पडतं. शहरातून वाहणाऱ्या जयंतीला आपण ‘नाला’ म्हणतो. ती नदी होती, हेही आता सांगावं लागतं. कसबा बावड्यात ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचं शुद्धीकरण केंद्र झालं. तरी जोराचा पाऊस आला की जयंतीचा बांध ओसंडतो आणि काळं पाणी सरळ नदीत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. नदीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. एवढं होऊनही नदीवरची चर्चा दर उन्हाळ्यात मासे मेल्यावर सुरू होते आणि पहिल्या पावसात वाहून जाते.

त्या माशांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, पण आधी बंधाऱ्याबद्दल. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नाव अख्खा महाराष्ट्र घेतो. दगडी खांब, त्यांच्या खाचांत घातलेले बरगे. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, पाऊस सरला की परत घालायचे, म्हणजे पुराला वाट मोकळी आणि उन्हाळ्याला पाणी. साधी आणि फार शहाणी रचना. पण पाणी अडतं तशी घाणही अडते. वरून आलेलं सगळं रुईच्या, तेरवाडच्या, शिरोळच्या बंधाऱ्यामागे थांबतं, ऊन लागतं, केंदाळ माजतं.

एका उन्हाळ्यात भल्या पहाटे मी तेरवाडच्या बंधाऱ्यावर होतो. एक वयस्कर भोई पाण्याकडे बघत बसला होता. म्हणाला, “गुरुजी, मासा तोंड वर काढाय लागलाय. आज न्हाई तर उद्या खच पडतोय बघा.” पाण्याच्या कडेला बारकी मासळी खरोखरच ओठ बाहेर काढून हवा गिळत होती. मी विचारलं, पहाटेच का? तो म्हणाला, “रातचं पाणी जड हुतंय.” मला त्या ‘जड’ शब्दाचा अर्थ लागेना. पुढे एका शास्त्राच्या प्राध्यापकानं उलगडून सांगितला. पाण्यातलं शेवाळ दिवसा उजेडात प्राणवायू तयार करतं. रात्री तेच शेवाळ, मासे आणि घाण कुजवणारे जिवाणू, सगळे मिळून तो खात बसतात. म्हणून पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यांत कमी. मळीचं पाणी आलं की जिवाणूंची पंगत उठतच नाही. तुमच्या प्रयोगशाळेत ज्याला बीओडी म्हणतात, तो या पंगतीचा हिशोब. भोयाला ‘काय होणार’ ते ठाऊक होतं, प्राध्यापकाला ‘का होतं’ ते. दोघांच्या बोलण्याची गाठ माझ्यासारख्या तिसऱ्यानंच घातली, तीही सहा महिन्यांनी आणि वेगवेगळ्या गावांत. त्या दिवशी पहाटे ते दोघं एकाच दगडावर बसले असते, तर काठावर धुणं धुणाऱ्या बायकांपासून पाण्याला मोटर लावायला आलेल्या शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं असतं.

म्हणून मागणी अशी, की व्याख्यानमाला नदीबरोबर चालवा. प्रयाग चिखलीला पहिलं पुष्प, मग पंचगंगा घाट, राजाराम बंधारा, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, आणि शेवट नृसिंहवाडीच्या घाटावर. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्राला व्याख्यान ऐकायची सवय आहे. आपल्या भागात तर छोट्या छोट्या गावांत व्याख्यानमाला चालतात, लोक जेवून-खाऊन रात्री ऐकायला बसतात. श्रोता तयार आहे. त्याच्यापुढे जाताना दोन गोष्टी सांभाळा. वक्त्यानं पडद्यावरचे इंग्रजी तक्ते वाचून दाखवू नयेत. आणि त्या गावच्या पाण्याचा ताजा नमुना, त्याच दिवशी तपासलेला, काचेच्या बरणीत समोर ठेवावा. त्याच मंचावर सोंगी भजन असू द्या, धनगरी ओवी असू द्या, झिम्मा-फुगडीच्या बायकांना नदीवर नवी गाणी रचू द्या, आणि ते निळ्या साडीचं नाटक खऱ्या पाण्याच्या काठावर होऊ द्या. दर वर्षी त्याच जागी त्याच दिवशी तीच बरणी भरा. काही वर्षांनी त्या बरण्यांची रांगच प्रदर्शन होईल.

कलावंतांचा हात मात्र धरू नका. पर्यावरण म्हटलं की आपल्याकडे ‘झाडे लावा’चं पोस्टर आणि हात जोडलेली पृथ्वी निघते. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा चित्रपट काढला, तेव्हा शेतकऱ्याची जमीन कशी जाते ते याच गावात पडद्यावर दाखवलं. कुणाला काय वाटेल याची फिकीर केली नाही. तुमच्या मुलांनी कारखानदाराला प्रश्न विचारले, पालिकेला विचारले, उसाला पाट फोडून पाणी सोडणाऱ्या आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना विचारले, तरी विद्यापीठानं त्यांच्या पाठीशी उभं राहावं.

आणि पूर. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आकडे पावसाळ्यात प्रत्येकाच्या तोंडी असतात. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा तसंच. पण सुतारवाड्यातल्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो: बंधाऱ्यावर ४३ म्हणजे माझ्या उंबऱ्यावर किती? भूगोलाच्या अधिविभागानं हे गल्लीगल्लीचं गणित मांडावं आणि चित्रकलेच्या मुलांनी ते भिंतीवर काढावं. २००५ ची रेघ, २०१९ ची, २०२१ ची. नुसती पट्टी नको. त्या घरात त्या दिवशी काय वाचलं, काय गेलं, तेही चितारा. २०१९ च्या पुरात बापट कॅम्पातल्या, कुंभार गल्लीतल्या गणपतीच्या मूर्ती चतुर्थीआधीच पाण्यात गेल्या. कुंभाराच्या वर्षभराच्या कमाईची रेघ त्या भिंतीवर उमटायला हवी.

जर्मनीत जोसेफ बॉइस नावाच्या कलावंतानं १९८२ साली कासेल शहरात संग्रहालयासमोर बसाल्टच्या ७००० शिळांचा ढीग घातला. एक ओक लावायचा, ढिगातली एक शिळा उचलून त्याच्या शेजारी रोवायची. ढीग कमी होईल तसं गावाला काम दिसत गेलं. मधेच बॉइस वारले, पण १९८७ साली शेवटचा ओक लागला. बसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण, ज्यावर आपण बसतो, ज्यात घाट बांधतो. मला त्या गोष्टीतलं भावलं ते एवढंच, की ढीग चौकात होता. उरलेलं काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आपल्या बरण्या आणि भिंतीवरच्या रेघाही तशाच सगळ्यांसमोर हव्यात.

हे सगळं होईल का, असं कुणी विचारलं तर मी काहिलीकडे बोट दाखवतो. गुऱ्हाळात रस आटवायची ती भली मोठी कढई. कोल्हापुरात घाटावर काहिली मांडल्या गेल्या आणि घरगुती गणपती, निर्माल्य त्यात विसर्जित होऊ लागलं. आधी लोक बिचकले. कार्यकर्ते, शिक्षक, विद्यार्थी घाटावर उभे राहून वर्षानुवर्षं हात जोडून समजावत राहिले. मी माझ्या वर्गातल्या मुलांना घेऊन उभा होतो. एका आजींनी मूर्ती काहिलीत सोडली, पाण्याला हात लावून नमस्कार केला आणि नदीकडे वळून म्हणाल्या, “बाई, तुला तरास नगं.” आज हजारो कुटुंबं ते करतात. आधी कुणी हुकूम काढला नव्हता. लोकांच्या ओळखीचं भांडं होतं आणि समोर उभा राहून बोलणारा माणूस होता.

महोदय, यासाठी नवी इमारत लागणार नाही. हार, शाल, श्रीफळ, फ्लेक्स यांवर जे जातं तेवढ्यात भागेल. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं सतरंज्या घालतील. युवा महोत्सवात पथनाट्याचा निकाल जाहीर करण्याआधी प्रत्येक संघानं आपल्या गावच्या पाण्याकाठी एक प्रयोग केलेला असावा, अशी एक अट घाला.

येत्या १८ नोव्हेंबरला स्थापना दिन आहे. पाऊस सरल्यावर बरगे घालून पाणी अडवायचं काम त्याच सुमारास झालेलं असतं. त्या दिवशी सकाळचा ध्वज माळावर लागू द्या, आणि दुपारी चारला रुईच्या बंधाऱ्यावर व्याख्यानमालेची नांदी म्हणून एक व्याख्यान ठेवा. वक्ता आपण द्या. काचेची बरणी आणि चित्रं काढणारी वीस मुलं मी घेऊन येतो.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
कोल्हापूर